घर न मोडता वाटणी

शाळेत नवा संगणक येतो तो बहुधा ज्या रूपात खोक्यातून निघतो, त्याच रूपात वर्षानुवर्षे चालतो. आत एकच ‘सी’ नावाचा ड्राइव्ह. त्यातच विंडोज, त्यातच मुलांचे निकाल, त्यातच स्नेहसंमेलनाचे फोटो आणि कुणीतरी उतरवून ठेवलेली गाणी. एका खणाच्या घरात चूल, पाळणा, धान्याची कणगी आणि गुरांची वैरण एकत्र असावी तसा हा संसार. छप्पर गळू लागले की सगळेच भिजते. मग तालुक्याहून दुरुस्तीवाला येतो आणि एकच वाक्य बोलतो, “गुरुजी, फॉरमॅट मारावे लागेल.”

हा प्रसंग सध्या पुष्कळ शाळांवर येतो आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. म्हणून कुठे नवी प्रणाली घालायची चर्चा आहे, तर कुठे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ लिनक्स प्रणाली विंडोजच्या शेजारी बसवून पाहायचा बेत आहे. तेव्हा प्रश्न असा की, चालू विंडोजला धक्का न लावता या एका खणाचे दोन खण करता येतात काय? येतात. त्याला पैसा लागत नाही. थोडी सावधगिरी मात्र लागते, आणि ती आधी लागते, नंतर नव्हे.

हे मी स्वतः ठेच खाऊन सांगतो आहे. २०१३ साली आमच्या सातवीच्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी विचारल्या. खडी फोडायला कोण कोण गेले, सुकडी कशी मिळे, जनावरे कुठे धाडली. आवाज मोबाईलवर घेतले आणि शाळेच्या संगणकात ‘डी’ ड्राइव्हमध्ये ठेवले. पुढच्या वर्षी संगणक रेंगाळू लागला, तेव्हा मीच शहाणा होऊन विंडोज नव्याने घालायला बसलो. ‘सी’ पुसायचा, ‘डी’ला हात लावायचा नाही, असा माझा हिशेब होता आणि तो बरोबरच होता. पण विंडोज घालताना पडद्यावर जी यादी येते तिच्यात सी, डी ही अक्षरे नसतात. पार्टिशन १, पार्टिशन २, असे क्रमांक असतात. मी गोंधळलो. सगळ्या ओळी पुसून एक मोठी जागा केली आणि तिच्यावर विंडोज बसवले. आवाज गेले. ज्यांचे आवाज होते त्यांपैकी दोघे तोवर वारलेही होते.

आता वाटणी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. खण म्हटले, भिंत म्हटले, तरी हार्ड डिस्कच्या आत भिंत नसते. असतो तो कागद. आपल्या सात-बाऱ्यावर जशी कोणता तुकडा कुठून कुठवर आणि कोणाचा याची नोंद असते, तशीच डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक नोंदवही असते. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकाबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, त्या काळापासूनची ही रीत. त्या जुन्या नोंदवहीत फक्त चार ओळी मावतात, आणि दोन टेराबाइटच्या पलीकडची जमीन तिला लिहिता येत नाही. नव्या संगणकांत जीपीटी नावाची नोंदवही असते. विंडोज तिच्यात १२८ ओळींची सोय करते, आणि तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. तुकडा पुसला म्हणजे नोंद पुसली जाते. जमिनीवरचे पीक त्याच क्षणी जात नाही. वर दुसरी पेरणी झाली की मात्र जाते. मी त्या दिवशी तिथेच हात आखडता घेतला असता, संगणक बंद केला असता आणि डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून टेस्टडिस्कसारख्या फुकट मिळणाऱ्या साधनाने पाहिले असते, तर आवाज परत मिळण्याचा पुष्कळ संभव होता. मी वर विंडोज पेरले. असो.

तर पहिले काम प्रत काढण्याचे. जे काही मोलाचे आहे ते बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. नुसती नावे दिसली म्हणून भरवसा ठेवू नका. दोन-चार फोटो आणि निकालाचा तक्ता प्रत्यक्ष उघडा. दुसरे, विंडोजमध्येच ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ नावाची सोय आहे. ३२ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह तिला द्या. त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात असू द्या. विंडोज सुरूच होईनासे झाले तर हा पेनड्राइव्ह उपयोगी पडतो. तिसरे, नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत कुलूप तात्पुरते स्थगित करा.

वीज हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. येतो केव्हा, जातो केव्हा, सांगता येत नाही. म्हणून लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून वर चार्जर लावा. टेबलावरचा संगणक असेल तर यूपीएस हवाच.

आता प्रत्यक्ष काम. ‘सी’वर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, टूल्स, चेक, असे करून डिस्क निर्दोष आहे ना ते पाहा. नंतर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्कचे तुकडे आडव्या पट्टीत दिसतील. एक टेराबाइटची डिस्क घेतली असेल तर इथे ९३१ जीबीच दिसतात. हा पोटखराबा नव्हे, मोजणीच्या काठीचा फरक आहे. विकणारा हजाराने मोजतो, विंडोज १०२४ ने.

त्या पट्टीत ‘सी’शिवाय लहान लहान तुकडेही दिसतील. एक संगणक सुरू करणारा, एक दुरुस्तीचा. शंभर-दोनशे एमबीचा तुकडा पाहून ‘हा कशाला?’ असे वाटते. त्याला हात लावू नका. विंडोज जिवंत आहे ती त्याच्या जोरावर.

‘सी’वर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हणा. किती जागा काढायची ते एमबीत विचारले जाते. दोनशे जीबी हवे असतील तर २०४८०० लिहा. यात होते काय? रेषेपलीकडच्या फाइली आधी अलीकडे आणल्या जातात, मग ‘सी’ची हद्द कमी करून लिहिली जाते. बांध शेवटाकडून आत सरकतो. ‘सी’ची सुरुवात जिथे होती तिथेच राहते. मूळ बसवलेली प्रणाली शाबूत राहते ती यामुळे. जीपार्टेडसारख्या साधनाने तुकड्याची सुरुवातसुद्धा सरकवता येते, पण त्यात सगळा माल उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली तर निम्मा इकडे, निम्मा तिकडे. गरज नसता त्या वाटेला जाऊ नका.

कधी असे होते की ‘सी’मध्ये तीनशे जीबी मोकळे असतात आणि विंडोज म्हणते, वीसच काढता येतील. यंत्र खोटे बोलत नाही. शेताच्या मधोमध विहीर असली की बांध तिच्या अलीकडे आणता येत नाही, तसे आहे हे. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या नोंदी या जागच्या हलत नाहीत. सिस्टिम रिस्टोअर बंद केले की जुन्या नोंदी पुसल्या जातात, एवढे समजून या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा, बांध सरकवा, आणि मग त्या आठवणीने परत चालू करा.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसेल. तिथे लिनक्स बसवायचे असेल तर ती तशीच सोडा आणि विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवा. नुसता माल ठेवायचा असेल तर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करा. इथे एक खड्डा आहे. जुन्या नोंदवहीच्या चारही ओळी कंपनीनेच भरून पाठवलेल्या असतात, असे काही लॅपटॉप आहेत. अशा ठिकाणी पाचवा तुकडा पाडू गेलात की विंडोज विचारते, डिस्क ‘डायनॅमिक’ करू का? इथे ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हटले की परतीची वाट अवघड होते. मोकळी केलेली जागा ‘एक्स्टेंड’ करून ‘सी’ला परत द्या आणि माल बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

सगळे सुरळीत झाले तर नवा ‘डी’ तयार होईल. मग ‘डॉक्युमेंट्स’च्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ आहे, तिथून ते दप्तर ‘डी’वर हलवा. विंडोजला आणि शिकवण्याच्या कार्यक्रमांना ‘सी’तच राहू द्या. बाहेरची प्रत मात्र फेकू नका. दोन्ही खण एकाच छपराखाली आहेत; डिस्कच मेली तर दोन्ही जातात.

आणि नव्या तुकड्याला ‘व्हॉल्यूम लेबल’ द्या. आपोआप पडलेले ‘न्यू व्हॉल्यूम’ हे नाव ठेवू नका. ‘शाळा’ असे काही तरी स्वतःचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. विंडोज घालतानाच्या त्या यादीत सी, डी दिसत नाहीत, पण हे लेबल दिसते. माझ्या तुकड्याला लेबल नव्हते. आता आमच्या शाळेत संगणकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणता तुकडा कितवा, किती जीबीचा, कशासाठी, आणि बाहेरची शेवटची प्रत कोणत्या तारखेला काढली, एवढेच लिहिले आहे. दुरुस्तीवाला आला की यंत्राआधी त्याच्या हातात तो कागद जातो.