दोन पाण्यांचे सरोवर



भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, ट्युनिशिया देशाच्या उत्तर टोकाशी, बिझर्त या बंदराच्या नैर्ऋत्येस इश्केल नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या काठाशी त्याच नावाचा ५११ मीटर उंचीचा डोंगर सपाट प्रदेशातून एकाएकी वर उठलेला दिसतो. सरोवर, त्याभोवतालची पाणथळ कुरणे आणि हा डोंगर मिळून सुमारे १२,६०० हेक्टरांचे राष्ट्रीय उद्यान १९८० साली स्थापन करण्यात आले. त्याच वर्षी युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला आणि पाणथळ जागांच्या रक्षणासाठी झालेल्या रामसर कराराच्या यादीतही त्याचे नाव नोंदले गेले. एकेकाळी उत्तर आफ्रिकेत अशा गोड्या पाण्याच्या सरोवरांची मालिकाच होती. तिच्यातील हे अखेरचे मोठे सरोवर मानले जाते.

इश्केलचे वैशिष्ट्य त्याच्या पाण्यात आहे. हिवाळा हा तेथील पावसाचा ऋतू. त्या काळात दक्षिणेकडील व पश्चिमेकडील टेकड्यांतून सहा नद्या दुथडी भरून वाहतात, सरोवर तुडुंब भरते आणि त्याचे पाणी जवळजवळ गोडे होते. वाढलेले पाणी तिंजा नावाच्या अरुंद प्रवाहाने बिझर्तच्या खाजणात आणि तेथून समुद्रात जाते. उन्हाळ्यात याच्या नेमके उलटे घडते. नद्या आटतात, सरोवराची पातळी खाली जाते आणि त्याच तिंजा प्रवाहातून खारे पाणी आत शिरते. एकच वाट, परंतु सहा महिने जाण्याची आणि सहा महिने येण्याची! वर्षातून एकदा गोडे आणि एकदा खारे होणाऱ्या या पाण्यावरच तेथील सारी जीवसृष्टी उभी आहे.

हिवाळ्यात युरोपातून लक्षावधी पक्षी येथे उतरतात. त्यांत तरंग व लालसरी ही बदके असतात, कपाळावर पांढरा टिळा मिरवणारे वारकरी पक्षी असतात आणि राखी रंगाचे कलहंसही असतात. बदके व वारकरी सरोवराच्या तळाशी वाढणाऱ्या पाणवनस्पतींवर गुजराण करतात, तर कलहंस काठच्या दलदलीतील लव्हाळ्याचे कंद चोचीने उकरून खातात. तिंजाच्या वाटेने वाम आणि बोय हे मासे समुद्रातून ये-जा करतात. डोंगरावर रानऑलिव्हची झुडपे आहेत. तेथे रानडुक्कर, साळिंदर व मुंगूस यांचा वावर आहे. पाणमांजरही या परिसरात आढळते. भारतीय प्रवाशाला सर्वांत अधिक नवल वाटेल ते दलदलीत डुंबणाऱ्या म्हशींचे. म्हैस मूळची आशिया खंडातील. ट्युनिसच्या बे राजघराण्यासाठी पूर्वी इटलीहून आणलेल्या म्हशींचा हा वंश असल्याचे सांगतात.

या सरोवरावर संकट आले ते कोणाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे. शेतीला आणि शहरांना पाणी हवे होते. म्हणून सरोवराला मिळणाऱ्या नद्यांपैकी जूमिन नदीवर १९८३ साली, गझाला नदीवर १९८४ साली आणि सजनान नदीवर १९९४ साली धरणे बांधण्यात आली. त्यानंतर अवर्षणाची वर्षे आली. नद्यांचे पाणी धरणांतच अडले. सरोवर हिवाळ्यातही पुरेसे भरेना, आणि समुद्राचे पाणी मात्र येतच राहिले. बाष्पीभवनामुळे खारेपणा वाढत वाढत समुद्राच्या पाण्याहूनही अधिक झाला. तळाच्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या, लव्हाळ्याची बेटे सुकली, आणि अन्नच न उरल्यामुळे पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. १९९६ साली युनेस्कोने इश्केलची गणना संकटग्रस्त वारसास्थळांत केली.

सुदैवाने कथा येथे संपली नाही. उन्हाळ्यात खारे पाणी रोखता यावे आणि हिवाळ्यातील गोडे पाणी राखता यावे, यासाठी तिंजा प्रवाहावर दरवाजे बसविलेले होतेच. त्यांच्या काटेकोर वापराकडे आता लक्ष देण्यात आले. सिदी अल्-बर्राक या दुसऱ्या धरणाचे पाणी मिळू लागल्याने इश्केलच्या नद्यांवरील भार हलका झाला. २००२-०३ च्या हिवाळ्यात भरपूर पाऊस पडला, खारेपणा उतरला, वनस्पती पुन्हा उगवल्या आणि पक्षी परतले. २००६ साली हे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आले.

भारतीय वाचकांस याच्या जोडीला ओडिशातील चिल्का सरोवर आठवेल. तेथे दुखणे निराळे होते. गाळाने मुख बुजल्यामुळे समुद्राचे पाणी पुरेसे आत येईना. २००० साली नवे मुख उघडण्यात आले आणि सरोवर सावरले. एकाला गोडे पाणी कमी पडले, तर दुसऱ्याला खारे. परंतु बोध एकच. अशा सरोवराभोवती नुसते कुंपण घालून त्याचे रक्षण होत नाही. ज्या नद्या आणि ज्या समुद्राशी त्याचा संबंध आहे, तो संबंध राखला पाहिजे.

ट्युनिशियाने या अनुभवानंतर एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. शेत व शहर यांच्याप्रमाणेच सरोवर हाही पाण्याचा एक हक्कदार आहे, हे तेथील जलनियोजनात स्वीकारले गेले. हे तत्त्व मान्य करणे भरल्या धरणाच्या वर्षी सोपे असते. २०२३ च्या मार्चअखेर, सलग दुष्काळानंतर, त्याच देशात रात्रीच्या वेळी नळाचे पाणी बंद ठेवण्याची पाळी आली. घागर रिकामी असताना हंसाच्या वाट्याचे पाणी त्याला देणे ही खरी कसोटी होय. तथापि त्या वाट्याला नकार दिल्यास काय होते, हे इश्केलने एकदा दाखवून दिलेले आहे. सरोवर कोरडे पडत नाही, ते केवळ खारे होते. काठावरून पाहणाऱ्यास पाणी तितकेच निळे दिसत राहते. फक्त हिवाळा येतो आणि आकाशातून कोणी खाली उतरत नाही.