आलेला संदेश आणि सत्याची पारख



१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरले होते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट तेवढा कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाच जणांची मर्यादा जाहीर केली. यंत्राने वेग आवरला. विवेक मात्र माणसालाच शिकावा लागतो.

तो शिकविता येतो काय? २०१९ साली बिहारमधील गया येथे प्रौढांना तासाभराचे प्रशिक्षण देऊन पाहण्यात आले. खोटे ओळखण्याच्या शक्तीत एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात १३,००० हून अधिक किशोरवयीन मुलामुलींचा अभ्यास झाला. ज्यांना वर्गात टप्प्याटप्प्याने धडे मिळाले, त्यांची पारख सुधारली, काही महिन्यांनंतरही टिकली आणि त्यांच्या पालकांपर्यंतही पोहोचली. तात्पर्य, एका व्याख्यानाने हे साधत नाही. नित्य अभ्यास हवा.

उल्हास नदीकाठच्या या परिसराला त्याची निकड अधिक आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली व हजारांवर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा वेळी ‘धरण फुटले’ हा एक खोटा संदेशही प्राणघातक ठरू शकतो. २००५ च्या महापुरानंतर जुहूच्या नेहरूनगरात अशाच अफवेने चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले होते.

म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे प्रथम कोणी सांगितले? केव्हाचे व कोठले आहे? मागचापुढचा भाग कापला आहे काय? पालिका, तहसील कार्यालय वा पोलीस यांनी दुजोरा दिला आहे काय? उत्तर न मिळाल्यास संदेश तेथेच थांबवावा.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. खोटा लेख रचणे हा दोष. तो न तपासता शेकडो घरी पोहोचविणाराही त्यापासून फार दूर राहत नाही. अनेकांत म्हणजे ऐकलेले सर्वच खरे मानणे नव्हे. वस्तूच्या सर्व बाजू पाहण्याचा तो आग्रह आहे.

सुवर्ण महोत्सवी वर्षात पाठशाळेने दर आठवड्याला एक संदेश मुलांपुढे ठेवून त्याची अशी परीक्षा घ्यावी. मुले शिकली की घरेही शिकतील.

जय जिनेंद्र!