अल्पदाबाचे पाणी आणि स्नानाचा हक्क



ज्या देहाला वाकवत नाही आणि ज्या हाताला कढत पाण्याची बादली उचलवत नाही, त्याच्या स्नानाची तजवीज घरच्यांच्या दयेवर सोडावी की कायद्यात लिहून ठेवावी, हा प्रश्न मी आज इंग्लंडातील जुन्या घरांच्या आधारे आपल्यापुढे मांडणार आहे.

त्या घरांत पोटमाळ्यावर गार पाण्याची टाकी असते, तिचेच पाणी खालच्या तांब्याच्या पिंपात तापते, आणि दोन्ही पाणी केवळ स्वतःच्या भाराने नळापर्यंत उतरते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 1 बार. टाकीतले पाणी शॉवरच्या जाळीहून जेमतेम 1 मीटर वर असले, तर हाती येतो तो 0.1 बार, म्हणजे खांदाही धड भिजू नये एवढी धार. म्हणून रस्त्यावरच्या मुख्य नळाचे पाणी थेट घेऊन भिंतीवरच्या पेटीत वाहता वाहता तापवणारा विजेचा शॉवर तेथे रूढ झाला. आणि मुख्य नळाचाही जोर जेथे अपुरा, तेथे पेटीतच पंप ठेवून टाकीचे पाणी ओढणारा प्रकार निघाला.

मात्र पंपाने धारेला जोर येतो, उष्णता वाढत नाही. हिवाळ्यात 5 अंशांचे पाणी 41 अंशांवर न्यायचे, तर 8.5 किलोवॅटची पेटी मिनिटाला सुमारे 3.4 लिटरच देते, आणि एवढ्यासाठी 37 अँपिअर वीज खेचते.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माणसाकडे पाहू. संधिवाताने आखडलेल्या बोटांना गुळगुळीत खुंटी फिरवता येत नाही, म्हणून तळहाताने दाबता येईल अशी रुंद कळ हवी. दृष्टी मंदावलेल्यास चाचपून कळतील अशा उठावाच्या खुणा हव्यात. बसून स्नान करणाऱ्यासाठी भिंतीला घडीचे आसन, लांब लवचीक नळी आणि उंबरठा नसलेली, उताराची जमीन हवी. या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते तापनियंत्रण. स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की न्हाणीतली धार बारीक होऊन पाणी एकाएकी पोळू लागते. धडधाकट माणूस चटकन बाजूला सरतो, आसनावर बसलेल्या इसमास ते साधत नाही.

इंग्लंडात 1996 च्या कायद्यान्वये अपंग रहिवाशाला न्हाणीघराच्या अशा फेरबदलासाठी स्थानिक संस्थेकडे अनुदानाचा अर्ज करता येतो. अर्जाचा निकाल 6 महिन्यांच्या आत कळवणे त्या संस्थेवर बंधनकारक असून, अनुदानाची कमाल मर्यादा 30,000 पौंड मुक्रर आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत मिळकतीची तपासणी होते, हे खरे. तथापि स्नान ही मागण्याजोगी गोष्ट आहे, याचना करण्याजोगी नव्हे, असे ज्या राज्याने कायद्याच्या भाषेत मान्य केले, त्याचा मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडेही गच्चीवरच्या टाकीखालील शेवटच्या मजल्यावर हाच अल्पदाब नांदतो. परंतु गीझरसाठी आपल्या घरांत बहुधा 16 अँपिअरचीच जोडणी असल्याने ती परदेशी पेटी जशीच्या तशी येथे चालणार नाही. साठवणीचा गीझर, लहानसा दाबपंप, तापनियंत्रक तोटी आणि आसन, हीच आपल्याला परवडणारी जुळणी होय. तेव्हा वृद्ध अथवा अपंग सभासदाच्या न्हाणीघरातील अशा फेरबदलास विनाविलंब संमती देण्याचा ठराव आपण आपापल्या गृहनिर्माण संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत मांडावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.