शेजार वाघाचा, सोबत माणसांची



पिंपरी-चिंचवडमधल्या रहाटणीत गच्चीवर उभं राहिलं तर चारी दिशांना इमारतीच दिसतात. पण आपल्या घरात जे पाणी येतं ते पवनेचं. मावळच्या डोंगरात पवना उगम पावते, धरणात अडते, पुन्हा वाहते आणि रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं तिचं पाणी आपल्या टाकीत पडतं. डोंगर डोळ्यांना दिसत नसला तरी आपण त्याच्याच जिवावर राहतो. आणि आता डोंगरातली जनावरंही अधूनमधून आपल्या वस्त्यांपर्यंत येऊ लागली आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या वन्य प्राण्यांच्या शेजारी कशी राहत आली आणि त्यांच्याकडून आपण काय घ्यायचं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या पश्चिम टोकाला आहुपे, पिंपरगणे, कोंढवळ, भोरगिरी, येळवली अशी गावं आहेत. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे रान आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं, हक्काचं घर आहे. या अभयारण्यात आणि त्याच्या काठानं मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. आहुप्याला कड्याच्या टोकावर गेलं की जमीन एकदम तुटते आणि खाली मुरबाडचा मुलूख पसरलेला दिसतो. देश तिथं संपतो, खाली कोकण सुरू होतं. अशा टोकावरचं जगणं कसं असतं, ते आधी पाहू.

जुन्या पद्धतीचं घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. गुरांचा गोठा वेगळा नसतो, घरातच एका अंगाला गुरं बांधलेली असतात. वर माळ्यावर धान्य आणि सरपण. शहरातून आलेल्या माणसाला हे गैरसोयीचं वाटतं, पण चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि रात्री फिरणारा बिबट्या या दोन्हींचा विचार त्या रचनेत आहे. गाय-वासरू भिंतीच्या आत असलं की बिबट्याला उंबऱ्यापाशी येण्याचं कारण उरत नाही.

वर्षाचं वेळापत्रकही जनावरांना धरूनच चालतं. उन्हाळ्यात हिरडा वेचायचा, राब भाजायचा. पाऊस लागला की भाताची लावणी, उतारावर नाचणी आणि वरई. भात पोटरीत आलं की रानडुकरांची वेळ सुरू होते. एका रात्रीत कळप शिरला तर वर्षाचं अन्न चिखलात जातं. म्हणून शेतात लाकडी माळा उभारून रात्र-रात्र राखण करावी लागते. डबा वाजवायचा, आरोळी द्यायची, पलीकडच्या शेतातल्या राखणदारानं तिला उत्तर द्यायचं. साळिंदर कंद उकरतं, वानरं फळं आणि शेंगा नेतात. जंगलाच्या शेजाराचा हा खर्च ही माणसं दर वर्षी सोसतात.

त्यांना रान कानांनी कळतं. भेकर भुंकलं, वानरानं झाडावरून खॉक् खॉक् असा इशारा दिला, शेकरू एकाच जागी बसून चिडल्यासारखं ओरडू लागलं, की सरपणाला गेलेली बाई मोळी तिथंच टाकून मागं फिरते. तिन्हीसांजेच्या आत गुरं घरी आणायची. वाटेनं मोठ्यानं बोलत जायचं. लहान मूल मागं किंवा पुढं सोडायचं नाही, दोन मोठ्या माणसांच्या मध्ये ठेवायचं. अंधारात एकट्यानं वाकून किंवा उकिडवं बसायचं नाही, कारण खाली वाकलेला माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखा दिसत नाही. हे नियम कुठल्या फलकावर लिहिलेले नाहीत. आजीनं नातीला सांगितलेले आहेत.

या सगळ्यामागं एक श्रद्धाही आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांत दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस होते. आपण त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, तिथं वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तिकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. गुराखी पोरं घरोघरून शिधा गोळा करतात, रानात खीर शिजवतात आणि आमची गुरं सांभाळ म्हणून वाघोबाला नारळ वाहतात. असाच वाघोबा पालघर-ठाण्याकडच्या वारली समाजातही आहे. अलीकडं अभ्यासकांनी महाराष्ट्रात त्याच्या दीडशे ठाण्यांची नोंद केली आहे. वाघोबापुढं हात जोडणारा माणूस त्याला लाडानं जवळ बोलावत नाही. तुझी वाट तुला, माझी वाट मला, एवढंच तो मागतो. जनावराला मान देणं म्हणजे त्याच्यापासून अंतर राखणं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मग डोंगरातल्या माणसाचा मित्र कोण? शेजारचा माणूस. याची मला माहीत असलेली सगळ्यात सुंदर खूण म्हणजे पडकई. डोंगरउतारावर भातखाचर करायचं तर दगड फोडायचे, हलवायचे, बांध रचायचा आणि माती भरायची. एका कुटुंबाच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून अनेक कुटुंबं एकत्र येतात. आज सगळ्यांनी एकाच्या शेतात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. डिंभे धरणानं ज्यांच्या जमिनी गेल्या त्या लोकांसोबत काम करताना शाश्वत संस्थेच्या कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या रीतीला नवं बळ दिलं, आणि पुढं सरकारनंही तिला योजनेचं रूप दिलं. जे हात बांधावर एकत्र येतात तेच हात रात्री राखणीला एकमेकांना साद घालतात. कुणाचं वासरू बिबट्यानं नेलं तर वनरक्षकाला गाठून पंचनामा करून घ्यायला शेजारीच धावतो. वन्य प्राण्यांच्या शेजारी धीरानं राहायला लागणारं बळ या सोबतीतून येतं, असं माझं ठाम मत आहे.

आता डोंगर उतरून खाली येऊ. जुन्नर-आंबेगाव भागात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. कालव्यांचं पाणी आलं, कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात असतो. आत गारवा, आडोसा, जवळच पाणी, आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, डुकरं. बिबट्याला आणखी काय हवं? तिथंच पिल्लं झाली, त्या पिल्लांना पुन्हा पिल्लं झाली. त्यांनी जंगल कधी पाहिलंच नाही.

जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. २००१ च्या फेब्रुवारीपासून बिबटे पकडून दूर नेऊन सोडण्याची मोहीम सुरू झाली. २९ बिबटे असे हलवले गेले. हेतू चांगला होता, पण पुढच्या काळात हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकड्यांचा माग काढला. पिंजऱ्यात घाबरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की त्याला तिथलं पाणी माहीत नसतं, भक्ष्य माहीत नसतं, माणसांच्या वेळा माहीत नसतात. ते आपल्या जुन्या जागेकडं निघू शकतं आणि वाटेत माणसांना भिडू शकतं. एका गावानं आपलं संकट गाडीत घालून पाठवलं, ते दुसऱ्या गावाच्या दारात उतरलं.

पण दूर सोडलेला प्रत्येक बिबट्या माणसांना भिडतोच असं नाही. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या वाचवला गेला. गळ्यात पट्टा बसवून त्याला माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली. सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. सगळा प्रवास माणसांच्या वस्त्यांमधून, आणि वाटेत त्यानं कुणाला ओरखडाही काढला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो गेला. पुढं त्याच्यावर मराठी चित्रपटही आला.

अकोले तालुक्याच्या उसाच्या पट्ट्यातही अत्रेय यांनी अभ्यास केला. चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा त्या शिवारात शंभर चौरस किलोमीटरमागं साधारण पाच प्रौढ बिबटे निघाले, जवळजवळ तेवढेच तरसही. बिबट्यांच्या आहाराचा सत्त्याऐंशी टक्के भाग पाळीव आणि वस्तीभोवतीच्या जनावरांचा होता, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. इतक्या जवळ असूनही माणसाला टाळत राहणं हाच तिथल्या बिबट्यांचा शिरस्ता होता.

पण श्रोतेहो, हे सांगताना मला दुसरी बाजू झाकायची नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान लेकरं गेली. ज्या आईनं मूल गमावलं तिच्यासमोर सरासरीचे आकडे मांडायचा अधिकार कुणालाच नाही. तिथले लोक संतापून रस्त्यावर उतरले, तो संताप समजून घेतला पाहिजे. आणि एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. उघड्यावर, कोपीत झोपणारा ऊसतोड कामगार, वाड्याभोवती जागणारा मेंढपाळ, रात्रीची वीज येते म्हणून अंधारात पाणी धरायला जाणारा शेतकरी, यांच्यावर हे संकट आधी कोसळतं. भिंत आणि दिवा ज्याच्याकडं नाही तो पहिला बळी ठरतो. दिवसा वीज, पक्का निवारा, दाराशी उजेड आणि बंदिस्त गोठा या मागण्या बिबट्याच्या विरोधात नाहीत. त्या माणसाच्या बाजूच्या आहेत, आणि त्या पूर्ण झाल्या तर बिबट्याही वाचेल.

आता आपल्या दाराशी येऊ. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडला एक गवा भरकटत आला. बातमी पसरली, गर्दी जमली, आरडाओरडा झाला. तासन्‌तास तो गल्लीबोळांतून पळत राहिला, जखमी झाला आणि शेवटी मेला. दोनच आठवड्यांनी बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी गर्दी आवरली गेली, वाट मोकळी ठेवली, आणि तो परत रानाकडं गेला. जनावर तेच, शहरही तेच. माणसं वेगळी वागली, म्हणून एक मेला आणि एक जगला.

२१ मार्च २०२२ ला चाकणमध्ये मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. कामगार शिस्तीनं बाहेर पडले, काम थांबलं, जुन्नर वनविभागाचं पथक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर आले, आणि साधारण सहा तासांनी बिबट्या बेशुद्ध करून सुखरूप बाहेर काढला. एकाही माणसाला इजा झाली नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांनी त्या दिवशी जो संयम दाखवला त्याचा मला अभिमान वाटतो. धोक्याची घंटा झाली की यंत्र बंद करायचं आणि आपली जागा सोडून बाहेर यायचं, ही कारखान्यातल्या माणसाची सवय असते. ती त्या दिवशी माणसाच्याही कामी आली आणि जनावराच्याही.

आपण रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागरची माणसं काय करू शकतो? पहिली गोष्ट कचऱ्याची. उघड्यावरचं खरकटं आणि नदीकाठी टाकलेली कोंबडीची घाण यांवर कुत्री आणि डुकरं वाढतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. दुसरी गोष्ट गर्दीची. रानातलं जनावर दिसलं तर घरात थांबायचं, मुलांना आत घ्यायचं, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि त्याची वाट मोकळी ठेवायची. त्याच्या मागं मोबाइल घेऊन धावायचं नाही. कुठला तरी जुना व्हिडिओ आपल्याच गल्लीतला म्हणून पुढं पाठवायचा नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत जुन्नर, आंबेगाव, अकोल्याहून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. रानात कसं चालायचं, कधी थांबायचं, कुठल्या आवाजाला मागं फिरायचं, हे ज्ञान त्यांच्याबरोबर विझून जाऊ देऊ नका. आपल्या शाळांनी त्यांना वर्गात बोलवावं आणि मुलांपुढं बोलतं करावं.

आणि पडकईची रीत शहरातही आणता येईल. अंधारात बाहेर असणारी माणसं आपल्याकडंही आहेत. पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगार बायका, दूधवाले, सोसायटीचे राखणदार, तिसऱ्या पाळीचे कामगार. आपल्या गल्लीतला बंद दिवा त्यांच्यासाठी लावून घेणं, नदीकाठची वाट टाळून त्यांना उजेडाचा रस्ता मिळवून देणं, हे आपलं काम आहे. बिबट्यांची संख्या, पिंजरे, नसबंदी यांचे निर्णय सरकार आणि जाणकार घेतील. रात्री कामावरून परतणाऱ्या माणसाला एकटं सोडायचं नाही, हा निर्णय मात्र आपला आहे, आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.