दामदुपटीचें गणित

व्याज एका वेळीं मुद्दलाहून अधिक वसूल करूं नये, हा दामदुपटीचा नियम हिंदु धर्मशास्त्रांतला. मुंबई इलाख्यांतील न्यायालयेंही तो मानीत असत. असें असतां १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, तीं कां? याचें उत्तर बरेंचसें अंकगणितांत आहे.

शंभर रुपये दरसाल दरशेंकडा २४ दरानें घेतले असें श्रोत्यांनीं समजावें. सरळव्याजानें १२ वर्षांत मुद्दलासुद्धां ३८८ होतात. चक्रवाढींत दर वर्षीं रकमेस १.२४ नें गुणावयाचें. बारा वेळां गुणलें म्हणजे सुमारें १,३२१ भरतात. येथें वर्षें घातांकांत बसतात, हाच काय तो भेद! दामदुपटीनें मात्र २०० च्या पुढें जातां येत नाहीं.

परंतु सावकारास एक वाट मोकळी होती, ती खत बदलून घेण्याची. याच दराच्या सरळव्याजानें ४ वर्षें २ महिन्यांत शंभराचे दोनशें होतात. त्या दोनशेंचें नवें खत झालें कीं व्याजाचें मुद्दल बनलें, आणि दामदुपटीची मोजणी पुनः आरंभापासून सुरू! असें दोनदां खत बदललें तर साडेबारा वर्षांअखेर देणें ८०० होतें. नियमाचें अक्षर पाळलें गेलें. चक्रवाढही वसूल झाली. निरक्षर कुळानें अंगठा कशावर उठविला, हें त्यास कोण सांगणार?

पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठीं १८७९ सालीं झालेल्या शेतकरी-साह्याच्या कायद्यानें न्यायाधीशास खतामागील व्यवहार मुळापासून तपासण्याचा व मुद्दलांत मिसळलेलें व्याज वेगळें काढण्याचा अधिकार दिला.

याच पुणें जिल्ह्यांतील चाकणच्या शेतांवर आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. तेथें कोणा जमीनवाल्यास आज रोख ५०,००० किंवा १० वर्षांनीं १,००,००० रुपये देऊं केले, असें समजूं. आतां तोच घातांक उलटा चालवावयाचा, गुणण्याऐवजीं भागावयाचें. दर ८ टक्के धरल्यास दहा वर्षांनंतरच्या लाखाचें आजचें मोल सुमारें ४६,३१९, म्हणून रोख घेणें बरें. दर ६ टक्के धरला तर तेंच मोल ५५,८३९, म्हणजे थांबणें बरें. मग दर कोणता धरावा? पैसा ठेवींत टाकणाऱ्यानें ठेवीचा धरावा. पण ज्याच्या डोक्यावर १२ टक्क्यांच्या चक्रवाढीचें कर्ज आहे, त्यानें कर्जाचाच दर धरला पाहिजे. आणि त्या दरानें दूरच्या लाखाचे आज अवघे ३२,१९७ रुपये होतात.