माणसाचा खुराक : वजन आणि कामावरून रोजच्या अन्नाचा हिशेब



दावणीला दुभती म्हैस असली की तिचा खुराक कसा वाढवायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. अंग राखण्यापुरती वैरण वेगळी, आणि दर दोन लिटर दुधामागे किलोभर खुराक वेगळा. बैल औताला जुंपायचे दिवस आले की त्यांची पेंडही वाढते. जनावराच्या बाबतीत आपण हा हिशेब चोख ठेवतो. मग घरातल्या माणसांचा का ठेवू नये? आज तोच हिशेब कसा मांडायचा, ते पाहू.

अन्नातून अंगाला मिळणारी शक्ती कॅलरीत मोजतात. चूल पेटती ठेवायला जसं सरपण लागतं, तसं शरीर चालू ठेवायला कॅलरी लागतात. माणूस नुसता पडून राहिला तरी श्वास चालतो, काळीज चालतं, अंग गरम राहतं. साठ किलो वजनाच्या माणसाच्या सुमारे १,४०० कॅलरी दिवसाकाठी एवढ्यावरच खर्च होतात. काम केलं की त्यावर भर पडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या देशातील लोकांसाठी याचे आकडे ठरवून दिले आहेत. २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाच्या पुरुषाला रोज २,७१० कॅलरी लागतात, तर तशाच कष्टाच्या ५५ किलोच्या स्त्रीला २,१३०. हे आकडे लक्षात राहायला अवघड. म्हणून त्यांतून निघणारा एक ढोबळ हिशेब सांगतो.

आपलं वजन किलोमध्ये घ्या. बैठं काम असेल तर त्याला ३० ने गुणा. नांगरट, कोळपणी, खुरपणी, पाणी देणं अशी नेहमीची शेतीची कामं असतील तर ४० ने गुणा. दगड फोडणं, लाकडं तोडणं, विहीर खणणं असे अतिकष्ट असतील तर ५० ने गुणा. तीस, चाळीस, पन्नास, एवढंच ध्यानात ठेवायचं. पुरुषाला यापेक्षा थोडं जास्त लागतं, स्त्रीला किंचित कमी. पण घरच्या हिशेबाला हे पुरेसं आहे.

आता ताटात किती कॅलरी आहेत ते कसं ओळखावं? शंभर ग्रॅम पीठ, तांदूळ किंवा डाळ यांत सुमारे ३४० कॅलरी असतात. ज्वारी घ्या, बाजरी घ्या, फार फरक नाही. एक किलो पिठाच्या आपल्या घरी किती भाकरी होतात, ते एकदा मोजा. दहा होत असतील तर एका भाकरीला शंभर ग्रॅम पीठ, म्हणजे ३४० कॅलरी. तेलाच्या लहान चमच्याला, म्हणजे पाच ग्रॅमला, ४५ कॅलरी. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यांत सुमारे १६०.

आता एका घराचं उदाहरण घेऊ. घरधनी साठ किलोचा, औत हाकणारा. साठ गुणिले चाळीस, म्हणजे २,४०० कॅलरी. त्याची बायको पन्नास किलोची, खुरपणीला जाणारी. पन्नास गुणिले चाळीस, म्हणजे २,०००. पण तिच्या अंगावर चार महिन्यांचं बाळ पितं आहे. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि पुढे वर्ष होईपर्यंत ५२०. म्हणजे तिची गरज झाली २,६००. नवऱ्यापेक्षाही दोनशेने जास्त!

आणि प्रत्यक्षात काय होतं? ती सगळ्यांच्या मागून जेवते. समजा, दिवसभरात तिच्या वाट्याला तीन भाकरी, तीस ग्रॅम डाळीचं पातळ कालवण आणि तीन चमचे तेल आलं. बेरीज करा : १,०२० अधिक १०० अधिक १३५, म्हणजे १,२५५. गरजेच्या निम्म्याहूनही कमी. तरी बाळाला दूध मिळतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. पण ते दूध तिच्या अंगातली साठवण खर्ची घालून येतं. मग ती वाळत जाते, थकते, आणि आपण म्हणतो, "बाळंतपण मानवलं नाही."

आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, हळिवाची खीर देतात. रीत उत्तम आहे. पण सव्वा महिन्यानं लाडवांचा डबा रिकामा होतो आणि ती शेतात जाऊ लागते. काम वाढलं, पाजणं चालूच, आणि खाणं मात्र कमी झालं. इथंच हिशेब चुकतो.

तिचं दिवसाचं खाणं असं असावं : पाच भाकरी १,७००, पाऊण वाटी डाळ (७५ ग्रॅम) २५५, सहा चमचे तेल २७०, मूठभर शेंगदाणे १६०, गुळाचा खडा (२० ग्रॅम) ७०, म्हशीचं कपभर दूध १६५. एकूण २,६२० कॅलरी. एकदम खाववत नसेल तर चार-पाच वेळा द्यावं. शेतात जाताना पदराला गूळ-शेंगदाणे बांधून द्यावेत. नुसत्या कॅलरींनी भागत नाही, म्हणून रोज पालेभाजी आणि मोडाची उसळही हवी. गरोदर बाईलाही रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, हे विसरू नका.

उलट बाजूही सांगतो. काम थांबलं की पुरुषांची गरज उतरते. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. उन्हाळ्यात पारावर बसणाऱ्या साठ किलोच्या माणसाला १,८०० कॅलरी पुरतात, म्हणजे सुगीपेक्षा पावणेदोन भाकरी कमी. ताट तेवढंच राहिलं तर पोट सुटतं आणि साखरेच्या आजाराला वाट मिळते.

हिशेब बरोबर आहे का, हे वजनकाटा सांगतो. महिन्यातून एकदा वजन करा. बाळंतपणानंतर थोडं वजन उतरणं साहजिक आहे. पण ते सारखं घटत राहिलं किंवा दम लागू लागला, तर आरोग्य केंद्रात दाखवा. ज्यांना साखरेचा किंवा दुसरा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खाणं ठरवावं.

घरातल्या थोरल्या बायकांना एवढीच विनंती : आज रात्री सुनेचं ताट आधी वाढा, आणि तिच्या भाकरी मोजा.

लक्षात ठेवा :
• बैठं काम : वजन × ३०
• शेतीकाम : वजन × ४०
• अतिकष्ट : वजन × ५०
• गरोदर स्त्री : त्यावर ३५०
• पाजणारी आई : पहिले सहा महिने त्यावर ६००, पुढे वर्षापर्यंत ५२०