प्रोबेट आणि वारसांचा हक्क



आई अथवा वडील निवर्तल्यावर त्यांचे मृत्युपत्र निघाले, त्यात व्यवस्थापक म्हणून नेमलेला मुलगा प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळविण्यासाठी, उच्च न्यायालयात अर्ज घेऊन गेला, तर इतर भावंडांना त्याची वर्दी मिळालीच पाहिजे, असे माझे निःसंदिग्ध मत आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या २८३ व्या कलमान्वये मिळकतीत हितसंबंध सांगणाऱ्या सर्वांना, प्रोबेट देण्यापूर्वी, कामकाज पाहण्यास हजर राहा असे बजावता येते. ही नोटीस, जिला वकील मंडळी सायटेशन म्हणतात, न्यायालयात व जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत ठळक जागी लावली जाते. परंतु दूर सासरी नांदणारी मुलगी कचेरीच्या भिंती वाचीत फिरत नाही. तिचे नाव व पत्ता अर्जात प्रामाणिकपणे लिहिला, तरच नोटीस तिच्या हाती पडते.

याहूनही मला खटकते ती संमतीपत्राची चाल. दुःखाचे दिवस अजून सरले नाहीत, घरात पाहुणे आहेत, आणि अशा वेळी 'प्रोबेटला माझी हरकत नाही' असा मजकूर असलेल्या प्रतिज्ञापत्रावर बहिणीची सही घेतली जाते. मृत्युपत्र मात्र तिला दाखविलेले नसते. भगिनींनो, अर्जाला मृत्युपत्र जोडावे लागते, तेव्हा त्याची नक्कल मागून वाचावी आणि मगच सही करावी. त्यात भावावर अविश्वास नाही.

हरकत असल्यास कॅव्हेट, म्हणजे आपल्याला कळविल्याशिवाय प्रोबेट देऊ नये अशी सूचना, दाखल करता येते. मग प्रकरणाला दाव्याचे स्वरूप येते आणि अर्जदार वादी ठरतो. तेथे मृत्युपत्र खरे आहे काय, दोन साक्षीदारांनी ते विधिपूर्वक साक्षांकित केले आहे काय, करणाऱ्याची बुद्धी शाबूत होती काय, एवढेच पाहतात. मिळकत मुळात कोणाची, हा तंटा तेथे सुटत नाही.

ज्याला बोलावणे आवश्यक होते त्याला वगळून मिळविलेले प्रोबेट त्याच कायद्याच्या २६३ व्या कलमाखाली रद्द होऊ शकते. मात्र १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे प्रोबेट रद्द करून घेण्याचा हक्क निरपवाद नाही, इतर परिस्थितीही पाहावी लागते. म्हणून कळताच हालचाल करावी, वर्षे जाऊ देऊ नयेत.

प्रोबेटनंतरही व्यवस्थापक मोकळा होत नाही. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब, न्यायालयाने मुदत वाढविली नसेल तर, त्याने दाखल केलाच पाहिजे, आणि हिशेब न आल्यास वारसांनी न्यायालयात अर्ज करून मागावा.